ओरिजिनल एअरपोर्टवर मिळेल

माझे अब्बा, रफिक मुकादम, दुबईच्या करामा भागात पोस्ट ऑफिसच्या मागच्या गल्लीत एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढतात. डावीकडे न्हावी, उजवीकडे ज्यूसवाला, मधल्या काचेच्या दाराआड अब्बा. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबलेला, डोळे काळ्या स्क्रीनवरच्या हिरव्या अक्षरांवर, आणि आवाज असा की ज्यूसवाल्याच्या मिक्सरलाही ऐकू जावा. "हां जी, नाम बोलिए. धीरे. एम फॉर मद्रास, यू फॉर अंकल, के फॉर किलो..." त्यांनी लोकांना कुठे कुठे पाठवलंय! टोरांटो, डर्बन, सिडनी. स्वतः मात्र दुबई-मुंबई आणि मुंबई-दुबई. त्यापुढे एस.टी.

घरातही ते तिकिटाच्याच भाषेत बोलतात. अम्मीने विचारावं, "शुक्रवारी शारजाला माझ्या बहिणीकडे जायचं का?" तर उत्तर, "रिक्वेस्टवर टाकतो. कन्फर्म समजू नको." जेवायला बोलावलं की "दोन मिनिटं होल्ड कर." मी शाळेतून उशिरा आलो तर "नो-शो". अम्मीचं नाव कुलसुम. ती दाभोळच्या खाडीपलीकडची, आणि तिला या भाषेचा मनस्वी कंटाळा. "मना माणसासारखा जबाब द्या," ती म्हणते.

पण अब्बांचं सगळ्यात लाडकं वाक्य वेगळंच. एखादा माणूस घामाघूम होऊन काचेचं दार ढकलायचा, हातात फॅक्सचा गुंडाळलेला कागद. भावाला गावाहून बोलवायचंय, कंपनीने व्हिसा काढलाय, पण हातात आलीय ती नुसती कॉपी. "रफिकभाई, ये तो झेरॉक्स है. इसपे कौन आने देगा?" अब्बा खुर्ची मागे रेलवायचे. कपाळावरची एकही आठी हलायची नाही. "टेन्शन मत लो. ओरिजिनल एअरपोर्टवर मिळेल. स्पॉन्सरने डिपॉझिट केलाय." मग तिकिटावर 'ओके टू बोर्ड' असा शिक्का, धाप्प. माणूस हसत बाहेर.

आणि खरंच तसंच असतं. आमच्याकडे पद्धतच ती. बोलावणारा खरा व्हिसा दुबई एअरपोर्टच्या काउंटरवर नेऊन ठेवतो. येणारा कॉपी घेऊन विमानात बसतो, उतरला की काउंटरवर नाव सांगतो, खरा कागद हातात पडतो. अम्मीसुद्धा लग्नानंतर अशीच आली होती. सगळा प्रवासभर तो फॅक्सचा कागद मुठीत. शाई पुसू नये म्हणून पाणीसुद्धा प्यायली नाही. उतरल्यावर काउंटरवरच्या माणसाने कागदांच्या गठ्ठ्यातून बरोब्बर तिचा व्हिसा ओढून काढला. काचेपलीकडे अब्बा उभे होते आणि खुणेने विचारत होते, 'सांगितलं होतं की नाही?' त्या दिवसापासून या एका बाबतीत अम्मी अब्बांशी वाद घालत नाही. म्हणूनच पुढचं सगळं झालं.

माझी बहीण नबिला कॅरिबियनमधल्या एका चिमुकल्या बेटावर डॉक्टरकी शिकते. इंडियात सीट मिळाली नाही, मिळाली ती तिथे. शाळेच्या ॲटलासमध्ये ते बेट शोधायला घेतलं तर नुसतं नाव सापडलं, जमीन नाही. अक्षरांखाली कुठेतरी असणार. जायचं म्हणजे दुबईहून लंडन, लंडनहून एका मोठ्या बेटावर, आणि तिथून एका बारक्या विमानाने तिच्या बेटावर. त्या बेटांना नावं आहेत, पण आमच्या घरात 'मोठं बेट' आणि 'नबिलाचं बेट' एवढीच. नबिला पहिल्यांदा गेली तेव्हा तिच्याबरोबर कॉलेजची अजून मुलं होती. तरी ती पोहोचल्याचा फोन येईपर्यंत अब्बा ऑफिसात येरझाऱ्या घालत होते आणि अम्मी घरात. फोन आल्यावर दोघंही एकाच सुरात म्हणाले, "मला काय, काळजी नव्हतीच."

दोन हजार सालच्या जूनमध्ये नबिला हॉस्टेलच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिचा पाय मोडला. तिने फोन केला तोच मुळी प्लास्टर घालून झाल्यावर.

"आय ॲम फाइन, अम्मी. रिअली. इट्स अ क्लीन ब्रेक."

"फाइन काय? पाय मोडलाय आणि फाइन? पाणी कोण देतंय तुला? नाश्ता?"

"फ्रेंड्स आहेत ना."

"फ्रेंड्स!" अम्मीने तो शब्द असा उच्चारला जणू ती उंदरांची एखादी जात आहे.

शेजारच्या मनोरमाकाकू येऊन बसल्या. त्या साताऱ्याच्या, काका काँट्रॅक्टिंगमध्ये. काकूंचा सल्ला नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीतून येतो. "कुलसुमताई, माझ्या नणंदेच्या जावेचा असाच पाय. लोकांच्या भरवशावर राहिली. वाकडा जुळला तो जुळलाच." झालं. अम्मीने अब्बांना सांगितलं, "जा आणि तिला घेऊन या. खलास. शिकली तेवढं पुरे. इथे आणा, मग बघू."

नबिलाला हे कळलं तेव्हा तिने परत फोन केला. आता इंग्लिश बंद, थेट मराठी. म्हणजे प्रकरण गंभीर. "अब्बा, आत्ता आले तर माझा सेम बुडेल. एकदा सेम बुडाला की अम्मी मला परत पाठवणार नाही, हे तुम्हालाही माहितीये. नका येऊ. प्लीज."

अब्बांचा स्वभाव एजंटचा. समोर जो बसला असेल त्याला हो म्हणायचं. अम्मीला म्हणाले, "आणतो." नबिलाला म्हणाले, "फक्त बघायला येतोय, बेटा. बघून परत." दोन्ही वाक्यं मी एकाच संध्याकाळी ऐकली, एक स्वयंपाकघराच्या दारात आणि एक फोनवर. नंतर त्यांनी दोन तिकिटं काढली. एक स्वतःचं, जाऊन-येऊन. दुसरं नबिलाच्या नावाचं, मोठ्या बेटाहून दुबई, नुसतं येण्याचं. त्यावर तारखेच्या जागी लिहिलं होतं: ओपन.

मग सुरू झाली खरी धावपळ. अब्बांचा पासपोर्ट, इथल्या सगळ्या नोकरदारांसारखाच, कंपनीच्या तिजोरीत. मॅनेजर अजीजसाहेब केरळचे, मनाने दिलदार, पण पासपोर्ट बाहेर काढताना स्वतःची किडनी काढल्यासारखा चेहरा करतात. "रफिक, सीझन का टाइम है. जल्दी आना. यल्ला, साइन करो." लंडनचा व्हिसा पासपोर्टवर चिकटला, मोठ्या बेटाचाही चिकटला. नबिलाच्या बेटाची एम्बसी मात्र इकडे कुठेच नाही. त्यांचं परमिट म्हणजे एक साधं पत्र, खाली सही आणि उठावाचा शिक्का. ते कॉलेजने कुरिअरने ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर पाठवलं.

अब्बांनी त्या पत्राच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक पाकिटात, एक हँडबॅगेत, एक मोज्यात. आणि खरं पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून लोखंडी कपाटात, अम्मीच्या पाटल्यांच्या डब्याखाली.

"ते नेत नाही?" अम्मीने विचारलं.

"ओरिजिनल? प्रवासात? हरवलं तर?" अब्बांनी कपाटाला कुलूप लावलं. "कॉलेज स्पॉन्सर आहे, कुलसुम. त्यांनी एक तिकडच्या एअरपोर्टवर डिपॉझिट केलेलं असणारच. ही आपली घरची कॉपी."

"असणारच?"

"मी काय आज करतोय हे काम?"

अम्मी गप्प बसली. तिला काचेपलीकडचे अब्बा आठवले असणार.

बॅग भरताना मात्र ती गप्प नव्हती. सोडे, सुकटीची चटणी, कोकम, तांदळाचं पीठ. अब्बा हादरले. "सुकट? लंडनला कुत्रे असतात हुंगायला!"

"मग कुत्र्यांना पण द्या थोडी. ती पण अल्लाचीच."

दुबई एअरपोर्टवर चेक-इनवाला अब्बांच्या ओळखीचा निघाला. "अरे रफिकभाई, आपके पेपर हम क्या देखें!" त्याने झेरॉक्स उघडूनही पाहिली नाही. अब्बा मागे वळून आमच्याकडे बघून हसले.

लंडनहून फोन आला. "पोहोचलो. सगळं ठीक. पण गेट नंबर अजून लावला नाही. का लावला नसेल? बाकीच्यांचे लावलेत." तेवढ्यात पैसे संपून फोन कट. त्यानंतर शांतता. अम्मीने टेलिफोन दिवाणखान्यातून उचलला आणि वायर पुरेल तिथपर्यंत, म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. दिवसभर आम्ही त्याला ओलांडून ये-जा केली. कुणी मध्येच फोन केला की अम्मी "लाइन सोडा, लाइन सोडा" म्हणून ठेवून द्यायची. तिच्या शारजाच्या बहिणीला वाटलं आपलं काही चुकलं, आणि ती रागावली.

दुसऱ्या दिवशी असरची, म्हणजे दुपार कलतानाची अजान चालू असताना तो वाजला. अब्बांचा आवाज. पण ऑफिसवाला नाही. कुणीतरी व्हॉल्यूमचं बटण पिरगाळून खाली आणल्यासारखा.

"कुलसुम. कपाट उघड."

अम्मीने मला चावी फेकली. मी उघडलं.

"पाटल्यांच्या डब्याखाली. आहे?"

"आहे," मी ओरडलो. अम्मीने फोनमध्ये सांगितलं, "आहे."

मग अब्बा म्हणाले, "तिथे का आहे?"

"तुम्हीच ठेवलंत."

"ते मला माहीत आहे गं. मी विचारतोय, तिथे *का* आहे."

झालं होतं ते असं. हे अब्बांनी नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, आणि बाकीचं नबिलाने, जी घरात सगळ्यांच्या नकला माझ्यापेक्षाही बऱ्या करते. मोठ्या बेटावर अब्बा नीट उतरले, पासपोर्टवर शिक्काही बसला. मग बारक्या विमानाचं काउंटर. काउंटर म्हणजे एक टेबल, एक वजनकाटा आणि एक भलीथोरली बाई, अंगात पिवळ्या फुलांचा झगा, केसांत पेन्सिल. त्या विमानात सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात.

"स्टेप ऑन, डार्लिंग."

अब्बांनी आधी बॅग ठेवली. बाईने मान हलवली. "नॉट द बॅग, डार्लिंग. यू."

इतकी वर्षं लोकांना 'वीस किलो, एक ग्राम जास्ती नाही' असं ऐकवणारे माझे अब्बा, दोन्ही हात शरीराला चिकटवून त्या काट्यावर उभे राहिले. परक्या बाईने दोनदा डार्लिंग म्हटल्याने कान लाल. बाईने वजन लिहून घेतलं आणि परमिट मागितलं. अब्बांनी पाकिटातली झेरॉक्स दिली.

"अँड द ओरिजिनल?"

अब्बा हसले. हे वाक्य तर त्यांच्या घरचं. "ओरिजिनल इज डिपॉझिटेड, मॅडम."

"डिपॉझिटेड वेअर?"

"ॲट एअरपोर्ट काउंटर. काइंडली चेक."

बाईने उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं. "डार्लिंग," ती म्हणाली, "धिस इज द एअरपोर्ट. धिस इज द काउंटर. अँड मी इज ऑल देअर इज."

अब्बांनी हँडबॅगेतली झेरॉक्स काढली. मग खुर्चीवर बसून बूट काढून मोज्यातली. बाईने तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि म्हणाली, तीन सावल्या जोडून माणूस होत नाही. शेवटी अब्बांनी तिकीट पुढे केलं. त्यावर त्यांच्याच हाताने मारलेला शिक्का. "ओके टू बोर्ड, मॅडम. सी? ओके टू बोर्ड."

"हू से सो?"

याचं उत्तर होतं, 'मी.' अब्बा ते बोलले नाहीत. बाहेर पंखे फिरले, विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, आणि समुद्रावरून उठून निघून गेलं. त्यात एक सीट रिकामी होती. तिच्यावर जो बसणार होता त्याचं वजन लिहिलेला कागद मात्र बाईच्या हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा पुन्हा गेले. ड्यूटीवर कुणीतरी दुसरं असेल अशी आशा होती. तीच होती. झगा मात्र निळा. "गुड मॉर्निंग, डार्लिंग. यू फाइंड इट?"

आमच्याकडे कल्लोळ. मी ते पत्र घेऊन पळत ऑफिसात गेलो. अजीजसाहेबांनी ते उलटसुलट पाहिलं, कुरिअरवाल्याला फोन लावला, आणि ठेवला. कागद तिथे पोहोचेपर्यंत अब्बांच्या मोठ्या बेटाच्या व्हिसाची मुदत संपणार होती. फॅक्स चालणार नव्हता, कारण फॅक्स म्हणजे चौथी सावली. अजीजसाहेबांनी अब्बांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "सबको यही बोलता था," ते म्हणाले. "मैं भी यही बोलता."

घरी मनोरमाकाकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या होत्या. अम्मी खात नव्हती. "पोर तिकडे लंगडी, बाप मध्येच लटकलेला. ना हा तिच्याकडे, ना ती ह्याच्याकडे. मीच पाठवला. माझीच जीभ." काकूंनी पहिल्यांदाच नणंदेच्या जावेची गोष्ट सांगितली नाही. नुसता हात धरून बसल्या.

संध्याकाळी नबिलाचा फोन. "अब्बा कुठल्या गेस्ट हाउसमध्ये आहेत, नंबर दे. त्यांना सांग तिथून हलू नका. आय ॲम कमिंग."

"कशी येणार? विमान मिळालं?"

"कार्निव्हलची गर्दी आहे, विमान फुल. भाजीची बोट असते सकाळी. दुपारी परत येते."

अम्मीने फोनची वायर बोटाला गुंडाळली. "बोट?"

"मोठी आहे, अम्मी."

"किती मोठी?"

नबिला खोटं बोलत नाही, तेवढ्यापुरती गप्प बसते. ती गप्प बसली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचे आजोबा तांडेल होते, गलबतावरचे मुख्य. आणि त्यांचा हा मुलगा लहानपणी पहिल्याच फेरीत इतका ओकला की आजोबांनीच त्याला टायपिंगच्या क्लासला घातलं. अब्बा दुबईत क्रीकच्या अब्रावर, म्हणजे त्या दहा मिनिटांच्या होडीवरसुद्धा बसत नाहीत, टॅक्सीने पुलावरून वळसा घालून जातात. ते अब्बा दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर उभे होते, आणि समुद्र त्या दिवशी चांगल्या मूडमध्ये नव्हता. लाटेआड बोट जायची, तेव्हा पूर्ण जायची. अब्बा म्हणतात, "दिसायची बंद झाली की मी कलमा म्हणायचो, दिसली की अर्धा सोडून द्यायचो. किती अर्धे सोडले त्याचा हिशेब अल्लाकडे."

बोट लागली. कांद्याच्या क्रेट्समध्ये एक प्लास्टिकची खुर्ची, खुर्ची दोराने बांधलेली, खुर्चीत नबिला, पाय एका पोत्यावर. कप्तान आणि एका खलाशाने तिला खुर्चीसकट उचलून धक्क्यावर ठेवलं. तिच्या ओढणीला कांद्याचा वास, चेहरा मिठाने पांढरा. बाप-लेक समोरासमोर. इतका प्रवास, इतकी घालमेल, आणि अब्बांच्या तोंडातून निघालं काय, तर—

"बोर्डिंगला त्रास नाही ना झाला?"

नबिला हसली, मग रडली, मग परत हसली. अब्बांनी छत्री उघडली, जिची काही गरज नव्हती.

दोघं धक्क्याजवळच्या झाडाखाली बसले. अब्बांनी पाव आणला, सुकटीची चटणी सोडली. कप्तानानेही चाखली आणि दुसऱ्यांदा मागितली. तेव्हा अब्बांचं लक्ष प्लास्टरकडे गेलं. त्यावर एक इंच जागा रिकामी नव्हती. नुसत्या सह्या नव्हत्या. आतलं हाड जिथे असेल तिथे बरोबर वरून शाईने हाड काढलेलं, सांधे, शिरा, बाण, नावं. मोडलेल्या जागी लाल रेघ.

"हे काय?"

"परीक्षेची तयारी. आमचा अख्खा ग्रुप माझ्या पायावर अभ्यास करतो. मी बोअर झाले तरी पाय हलवता येत नाही, म्हणून सगळ्यांना आवडतो." तिने लाल रेघेवर बोट ठेवलं. "हे मोडलं. फिब्युला."

"एफ फॉर?" अब्बांनी सवयीने विचारलं.

"फ्रॅक्चर," ती म्हणाली.

अब्बांनी बराच वेळ ते प्लास्टर वाचलं. स्क्रीन वाचतात तसं, एकेक ओळ, परत वर जाऊन. मग नबिलाने विचारलं, "माझं तिकीट आणलंय ना तुम्ही?"

"तुला कोण म्हणालं?"

"तुम्ही दोघींना हो म्हटलंत. तुमचं मला माहीत नाही का?"

अब्बांनी आतल्या खिशातून तिकीट काढलं. लाल कार्बनची कुपनं, नाव नीट टाइप केलेलं. नबिलाचा पासपोर्ट तिच्या गळ्यातल्या पिशवीत होता. लंडनचा शिक्का त्यात होताच. म्हणजे त्याच रात्रीच्या विमानात ती बसू शकत होती. अम्मीने सांगितलेलं काम धक्क्यावर बसल्या बसल्या पुरं होत होतं. परमिटचा घोळ झाला काय, न झाला काय, मुलगी हातात होती. अब्बांनी इकडे तिकडे पाहिलं. नबिलाने बॅग आणलीच नव्हती. कुबडी, पाण्याची बाटली आणि हाडांचं एक जाडजूड पुस्तक, बस्स.

कप्तानाने भोंगा वाजवला. बोट परत निघणार होती. अब्बा उठून त्याच्याजवळ गेले. "कॅप्टन, इज इट सेफ? द सी?"

कप्तानाने समुद्राकडे नाही, अब्बांकडेच पाहिलं. "शी कम ओव्हर सेफ, नो? शी गो ओव्हर सेफ."

अब्बांना त्या वाक्यात गॅरंटी सापडेना. दुसरी कुठली मिळत नव्हती. तिथे कुणी स्पॉन्सर नव्हता, काउंटर नव्हतं, शिक्का नव्हता. ते परत आले, नबिलाच्या खुर्चीचा दोर स्वतः तपासला आणि तिकीट तिच्या पुस्तकात ठेवलं.

"ओपन आहे. एक वर्ष व्हॅलिड. ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी. सकाळी वाटलं तर सकाळी. मला विचारू नको, अम्मीला विचारू नको. नुसती निघ. मी सीट काढतो."

"आणि अम्मी?"

"अम्मीला..." अब्बा अडखळले. "अम्मी रिक्वेस्टवर आहे."

बोट गेली. अब्बा छत्री मिटायची विसरले. दूर क्षितिजावर करडा उंचवटा होता, तो ढग होता की बेट, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. नबिलाने पलीकडे पोहोचून गेस्ट हाउसला फोन केला तेव्हा कुठे त्यांनी बूट काढले. मोज्यात ती झेरॉक्स परत जाऊन बसलेली होतीच.

दुबईला आम्ही आणायला गेलो. अम्मीने खिमा, डाळ, नबिलाला आवडते ती तांदळाची भाकरी, सगळं करून ठेवलेलं. व्हीलचेअर लागेल म्हणून मनोरमाकाकूंनी ओळखीतून एक मागून आणली होती, ती मी ढकलत होतो. दार सरकलं. अब्बा आले. अम्मीने त्यांच्या मागे पाहिलं. दार बंद झालं. परत उघडलं, दुसरंच कुटुंब बाहेर आलं. परत बंद झालं.

"ती?"

"ओपन," अब्बा म्हणाले.

टॅक्सीत अम्मी पुढे बसली. क्लॉक टॉवर गेला, पूल गेला, करामा आलं. अब्बा मागच्या सीटवर माझ्या शेजारी, मांडीवर घडी केलेली व्हीलचेअर. मधून मधून ते हळूच सांगत होते, पाय सरळ आहे, चटणी संपवली, समुद्र तसा काही नव्हता. शेवटचं अम्मीला पटलं नाही, ते तिच्या मानेवरून दिसत होतं. घरी तिने ताटं वाढली. एक जास्तीचं वाढलं, पाहिलं, आणि उचलून झाकून ठेवलं.

अब्बा झोपले होते तेव्हा फोन वाजला. उंबऱ्यावरच होता अजून. अम्मीने उचलला. मी डोअरफ्रेमला टेकून उभा.

"हां. आले. झोपलेत... पाय कसा आहे?... बोटीत परत कुणाला विचारून बसलीस?... हां. हां... परीक्षा कधी?"

पलीकडे नबिला बराच वेळ बोलत होती. अम्मीच्या बोटाला वायरचे वेढे वाढत गेले, मग सुटत गेले.

"तिकीट कुठे ठेवलंस?" तिने विचारलं.

नबिलाचं उत्तर मला ऐकू आलं. "हॉस्टेलच्या लॉकरमध्ये, अम्मी. सेफ आहे. झेरॉक्स काढून पर्समध्ये ठेवलीय."

"नाय नाय," अम्मी म्हणाली. "लॉकरात नको. ओरिजिनल अंगावर ठेव. क्लासला जाशील तिकडे ने, परीक्षेला ने. माझं ऐक, झेरॉक्स लॉकरात टाक."